घरी तबला-पेटी-बासरी रेकॉर्ड करायचीय? आधी इनपुट मोजा

नवीन माणूस दुकानात जाऊन विचारतो, "चांगला माईक कोणता?" आणि दुकानदार त्याला चकचकीत यूएसबी माईक दाखवतो. एकट्याने बोलायला, शिकवणीचे व्हिडिओ करायला तो झकास आहे. पण तबला एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर आणि बासरी तिसऱ्यावर घ्यायची असेल तर तोच माईक आडवा येतो. दोन यूएसबी माईक एकाच लॅपटॉपला लावले तर प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं चालतं. सुरुवातीला समेवर जुळलेली वाद्यं लांब बैठकीत हळूहळू एकमेकांपासून सरकतात, आणि हे सरकणं नंतर दुरुस्त करणं डोकेदुखीचं काम आहे. शिवाय विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीचा वेगवान ड्रायव्हर) उपकरण घेतं. म्हणून खरेदी ऑडिओ इंटरफेसपासून (साधे माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) सुरू करायची. कोणता इंटरफेस, हे एका आकड्यावर ठरतं: एकाच वेळी किती माईक उघडे राहणार?

पायरी १: आकडा काढा

एकेक वाद्य थराथराने चढवणार असाल तर दोन इनपुट (माईक लावायच्या जागा) पुरतात. आज पेटी, उद्या तबला, परवा बासरी. ट्रॅक वीस झाले तरी एका वेळी दोनच माईक लागतात. सगळे एकत्र बसून वाजवणार असाल तर माणसं नाही, माईक मोजा. तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक, बासरीला किंवा गायकाला एक, असे चार झाले. भजनी मंडळ असेल तर पखवाजाला दोन (शाईच्या तोंडाकडे एक, दुसऱ्या म्हणजे धुम्याच्या तोंडाकडे एक), पेटीला एक, मुख्य गायकाला एक, टाळाला एक आणि मागच्या कोरसला एक मिळून सहा. सहा इनपुटचे इंटरफेस क्वचितच दिसतात, त्यामुळे तिथे आठचाच घ्यावा लागतो.

शास्त्रीय किंवा सुगम वाजवणाऱ्या घराला चार इनपुट हा सोयीचा मुक्काम आहे. दोनचा घेऊन वर्षभरात पडत्या भावात विकण्यापेक्षा थोडं थांबून चारचा घ्यावा. आठचा मात्र मंडळ ठरलेलं असेल तरच. नाहीतर अर्धी भोकं रिकामी राहतात आणि माईकचे पैसे त्यातच अडकतात.

पायरी २: खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. इंटरफेसच्या नावातला आकडा म्हणजे माईकची संख्या असेलच असं नाही. फोकसराइट स्कार्लेट ४आय४ मध्ये माईक प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) दोनच आहेत, बाकीचे लाइन इनपुट, म्हणजे मोबाईलसारख्या उपकरणांसाठी. १८आय२० मध्ये माईकचे आठ आहेत. उरलेला आकडा लाइन आणि डिजिटल जोडण्यांतून भरून निघतो. बेरिंजरचा यूएमसी४०४एचडी खरोखर चार माईक घेतो, यूएमसी१८२० आठ. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: "कॅननची (माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर वायरची) भोकं किती, आणि प्रत्येकाला वेगळं गेनचं (आवाज वाढवायचं) बटण आहे का?" जितकी गेनची बटणं तितके माईक.

दुसरा सापळा यूएसबी मिक्सरचा. लग्नमंडपाला साउंड देणाऱ्यांकडे आठ-बारा चॅनलचे मिक्सर असतात, त्यावर यूएसबीची खूण असते, भावही गोड असतो. पण यातले बरेचसे मिक्सर लॅपटॉपला फक्त डावा-उजवा असे दोनच ट्रॅक पाठवतात. बारा माईक लावा, हातात एकच कालवलेला आवाज येतो. नंतर टाळ कमी करावा म्हटलं तर सोय नाही. मिक्सरच्या माहितीपत्रकात "मल्टिट्रॅक" (प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर) किंवा यूएसबीवर किती चॅनल जातात तो आकडा छापलेला असेल तरच हात घाला. स्वस्तात मिळणारी लाइव्ह-व्हिडिओची रंगीबेरंगी साउंड कार्डं तर या कामाला मोजूच नका.

लॅपटॉप जुना असेल किंवा मंदिरात जाऊन भजन घ्यायचं असेल तर हातातला मल्टिट्रॅक रेकॉर्डर हा सरळ पर्याय. झूम एच५ चार ट्रॅक घेतो (दोन वरच्या माईकचे, दोन बाहेरून), एच६ सहा. दोन्ही साध्या एए सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी अभंग अर्धवट राहत नाही. घरी आल्यावर तेच यंत्र यूएसबीने जोडून इंटरफेस म्हणूनही वापरता येतं.

पायरी ३: माईक

सरसकट महाग माईक घेण्याचं कारण नाही. इंटरफेसला शंभरातले चाळीस रुपये, माईकला तीस, स्टँड आणि वायरला पंधरा, हेडफोनला पंधरा अशी वाटणी सुरुवातीला बरी पडते. स्टँड-वायरचे पंधरा बहुतेक जण विसरतात आणि मग माईक पुस्तकांच्या चळतीवर ठेवतात.

छोट्या डायफ्रामच्या (आतल्या पडद्याच्या) कंडेन्सर माईकची जोडी ही पहिली खरेदी असावी. पेन्सिलसारखा बारीक माईक तबल्याच्या चाटीचा (पुडीच्या काठाचा) टणत्कार, पेटीचा सूर आणि सतारीचा झंकार स्वच्छ पकडतो. बेरिंजर सी-२ ही स्वस्तातली जोडी आहे. तिच्यावर आवाज १० डेसिबलने उतरवायचं आणि खर्ज कापायचं असं बटण असतं. जोरकस तबलजी असेल तर त्याची गरज पडतेच. बरे पैसे असतील तर रोड एम५ची जोडी. गायनाला आणि बासरीला ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा मोठा कंडेन्सर चांगला, पण त्याच्यावर असं एकही बटण नाही हे लक्षात ठेवा.

खोली गोंगाटाची असेल तर डायनॅमिक माईक कामाला येतो. शुअर एसएम५७ डग्ग्याला आणि पखवाजाच्या धुम्याला छान लागतो आणि लांबचा गलका कमी ओढतो. कारण साधं आहे: त्याची संवेदनशीलता कमी, म्हणून तो वाद्याच्या जवळ न्यावा लागतो. या माईकच्या नकला बाजारात उदंड आहेत. अस्सल एसएम५७ चं वजन २८४ ग्रॅम भरतं. किराणा दुकानाच्या काट्यावरही ते तपासता येतं.

कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो इंटरफेसवरच्या बटणाने मिळतो. वायर आधी जोडायची, मग फँटम चालू. काढताना आधी फँटम बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग वायर. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईल जोडायचा असेल तर तो कॅननमधून देऊ नका, लाइन इनपुटला पी-३८ (पाव इंची जाड जॅक) लावून द्या.

पायरी ४: स्टँड, वायर, हेडफोन

आपली मंडळी मांडी घालून वाजवतात, आणि दुकानातले स्टँड उभ्या गायकासाठी असतात. पूर्ण उंचीचा स्टँड खाली आणला तरी त्याचे पाय पसरतात आणि तबलजीच्या गुडघ्याला लागतात. म्हणून छोटे बूम स्टँड मागा. ड्रमच्या किकसाठी म्हणून विकले जातात तेच. बूमचा दांडा धरून हलवून बघा, माईक लावल्यावर तो हळूहळू खाली झुकत असेल तर घेऊ नका. पाच मिनिटांत तो डग्ग्यावर टेकतो.

कॅनन-टू-कॅनन वायर पाच मीटरची पुरते. ओळखीचा साउंडवाला असेल तर चांगल्या पिना आणि शील्डवाली केबल आणून त्याच्याकडून डाग लावून (सोल्डर करून) घ्या. तयार स्वस्त वायरपेक्षा टिकते आणि तुटली तर दुरुस्तही होते. पैसे द्यायच्या आधी दोन्ही टोकांशी वायर वाकवून ऐका. करकर आली तर डाग कच्चा आहे.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तानपुऱ्याचा आवाज बाहेर गळतो आणि बासरीच्या ट्रॅकवर बसतो. ब्लूटूथचे मुळीच नकोत, आवाज उशिरा पोचतो आणि लय ओढली जाते. सगळे एकत्र वाजवणार असतील तर वाजवणाऱ्या कुणालाच हेडफोन लागत नाहीत, ते लावून एक जण ऐकणारा असला की झालं.

पायरी ५: खोली आणि यंत्रमाग

सोलापुरातल्या घरांची अडचण म्हणजे शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी, आरसीसी स्लॅब आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली की झणझणत परत येते. उपाय गावातच आहे. जाड सोलापुरी चादरी दोरीवर चुण्या घालून टांगा, भिंतीला चिकटवून नाही. पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साधारण ५००-६०० हर्ट्झच्या वरचा घुमारा चांगला शोषला जातो. खालच्या सुरांवर चादरीचा परिणाम जवळजवळ शून्य, हे मान्य करूनच चालायचं. डग्ग्याचा घुमारा कोपऱ्यात साचतो. त्याला कापसाच्या गाद्या लागतात, त्या कोपऱ्यात उभ्या करायच्या. जमिनीवर सतरंजी, त्यावर घडी घातलेली वाकळ. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा उद्योग करू नका, त्याने खोली फक्त कुरूप होते.

शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागाची खटखट माहीतच आहे. ती कानाला जितकी ऐकू येते त्याहून जास्त जमिनीतून स्टँडच्या पायांवाटे माईकमध्ये शिरते. प्रत्येक पायाखाली टेरी टॉवेलची जाड घडी ठेवली की फरक लगेच कळतो. शेजारचा कारखाना कोणत्या दिवशी बंद असतो, पाळी कधी बदलते हे विचारून त्याप्रमाणे वेळ ठरवा. आणि जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) भरतो तेव्हा होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी कंडेन्सर माईक खोक्यातच ठेवलेला बरा.

पंखा बंद. यावर तडजोड नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा दुपारी रेकॉर्डिंगला बसणं म्हणजे वादकाचाही छळ आणि वाद्याचाही. सकाळी सहा ते नऊ ही वेळ धरा आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या.

पायरी ६: वीज आणि गुणगुण

रेकॉर्डिंगमध्ये अखंड "हम्म्" येत असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण असते. शोधायचा क्रम असा: लॅपटॉपचा चार्जर काढा. गेली तर चार्जर दोषी, बॅटरीवर रेकॉर्ड करा. नाही गेली तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही राहिली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी ट्यूब आणि डिमर एकेक करून बंद करा. शेवटी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांतली अर्थची पिन मोडून टाकायचा सल्ला कोणी देईल. तो जिवावर बेतणारा आहे.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर करकर येणारच, त्याला साइन वेव्हचा लागतो. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा इंटरफेस (स्कार्लेट २आय२, यूएमसी२०४एचडी) वीज गेली तरी बॅटरीवर चालत राहतो. यूएमसी४०४एचडीला वेगळा अडॅप्टर लागतो. त्याच्यासाठी छोटा डीसी यूपीएस घ्यायचा असेल तर अडॅप्टरवर छापलेला व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळवूनच घ्या.

पायरी ७: माईक लावणं

इथे घालवलेला अर्धा तास पाच हजारांच्या माईकला पंधरा हजारांचा करतो. तबलजीला तीनतालाचा ठेका वाजवत ठेवा. दुसऱ्याने हेडफोन चढवून माईक हातात धरायचा आणि दाहिन्यावर सावकाश फिरवायचा. चाटीच्या बरोबर वर आलात की "ना" बोचरा, पत्र्यासारखा लागतो. शाईवर आलात की "तीं" दबतो, नुसता ठोका उरतो. या दोन्हींच्या मधे, मैदानाकडे (चाटी आणि शाईमधली मोकळी जागा) रोखून, पुडीपासून फूटभर वर आणि वादकाच्या समोरून किंचित तिरका धरलात की "ना"चा सूर आणि धार दोन्ही मिळतात. तिथेच स्टँड लावा. डग्ग्याला माईक सहा इंचांवर आणण्याचा मोह होतो, कारण खर्ज भरघोस वाटतो. पण जवळ आणल्यामुळे खर्ज कृत्रिमपणे फुगतो आणि मनगट घासून "घे"ची मींड काढताना तळहाताचा वारा माईकवर आदळतो. फूटभर अंतर ठेवा.

दोन्ही माईक लावल्यावर आवाज मोनोत (डावा-उजवा एकत्र करून) ऐका आणि डग्ग्याच्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं, म्हणजे आवाजाची लहर उलटी करणारं बटण (गोलावर तिरकी रेघ) दाबून बघा. ज्या स्थितीत डग्गा भरीव ऐकू येतो ती ठेवा. आवाज एका फुटाला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद घेतो. दोन माईकांतलं हे अंतर जुळलं नाही तर एकमेकांचा खर्ज खाल्ला जातो आणि तबला पोकळ ऐकू येतो. हे टाळायला एक सोपा नियम: माईक वाद्यापासून एक फुटावर असेल तर शेजारच्या वादकाचा माईक त्याच्यापासून निदान तीन फुटांवर हवा.

पेटीचा माईक वरून, दीड-दोन फुटांवरून, भात्याकडे पाठ करून. भात्याच्या बाजूने घेतला तर दर श्वासाला फुसफुस येते. जुन्या पेटीच्या पट्ट्या खडखडत असतील तर माईक आणखी थोडा वर न्या. मिक्स करताना ती खडखड काढता येत नाही. बासरीला फुंकेच्या भोकासमोर माईक धरू नका. बोटांच्या भोकांकडे, सव्वा-दीड फुटावरून आणि जरा वरून. तानपुऱ्याला घोडीपासून फूटभर. टाळ चार-पाच फूट लांब, आणि बाकीच्या माईकांची पाठ टाळकऱ्याकडे असेल असे बसवा. कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या) माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याचा हा फुकटचा फायदा.

पायरी ८: सॉफ्टवेअर आणि पातळी

रीपर हे हलकं, जुन्या लॅपटॉपवरही चालणारं सॉफ्टवेअर आहे. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा आहे. ऑडॅसिटी फुकट आहे, पण बरेच ट्रॅक एकत्र घ्यायला आणि नंतर सांभाळायला तितकं सोयीचं नाही. इंटरफेस कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. या हिशेबाने एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, चार ट्रॅकला दोन जीबीच्या आसपास. हार्ड डिस्कवर जागा आधी बघून घ्या.

गेन लावताना वादकाला "नेहमीसारखं वाजवा" म्हणू नका, तिहाई वाजवायला सांगा. सगळ्यात जोरात वाजलेला ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. प्रत्यक्ष बैठकीत तो आणखी चार-सहाने वर जातोच. लाल दिवा लागला की तो ठोका गेला, नंतर खाली ओढून फाटलेला आवाज शिवता येत नाही. २४ बिटात आवाज कमी घेतला म्हणून काही बिघडत नाही.

थर चढवताना स्वतःचं वाजवणं उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माईकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनला देणं) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद करा. दोन्ही चालू राहिले तर आवाज दुहेरी येतो. खर्जकाटही (खालचा आवाज कापणारी सोय) जपून वापरा: बासरीला १५० हर्ट्झच्या खाली काही नसतं, तिथे बिनधास्त कापा आणि यंत्रमागाची घरघर घालवा. डग्ग्याला आणि धुम्याला हात लावू नका. पेटीवर खर्जाच्या पट्ट्या वाजणार असतील तर तिलाही नको.

पायरी ९: थरांचा क्रम आणि बासरीचा सूर

आधी तानपुरा, मग पेटीवर लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून), मग तबला, शेवटी मुख्य वाद्य. क्लिकवर वाजवायची सवय नसेल तर क्लिक लावू नका; लेहरा हाच मापदंड. विलंबित मात्र थरांत घेऊ नये. तबलजी आणि वादक एकमेकांकडे बघून समेवर येतात, ते हेडफोनमधून होत नाही. तिथे चार इनपुट वसूल होतात.

उन्हाळ्यात बासरीवाल्यांनी एक गोष्ट जपावी. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि बासरीचा सूर चढतो. सकाळी २८ अंशांवर पेटी आणि बासरीचा पहिला थर घेतला आणि दुपारी ३८ अंशांवर दुसरी बासरी चढवली तर हिशेबाने सुमारे २८ सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीची शेजारची पट्टी), म्हणजे एका प्रमाणश्रुतीपेक्षाही (सुमारे २२ सेंट) जास्त फरक येऊ शकतो. फुंकेची स्वतःची ऊब असल्याने प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो, पण कानाला खटकण्याइतका नक्कीच. पेटीचे धातूचे सूर इतके हलत नाहीत, त्यामुळे दोष बासरीवाल्याच्या कानावर ढकलला जातो. कोरड्या उन्हात तबल्याची पुडीही ताणली जाऊन चढते. प्रत्येक टेकच्या आधी पट्टीशी पुन्हा मिळवून घ्या, गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या गोफावर) हातोडी मारायला लाजू नका.

म्हणूनच एका गाण्याचे सगळे थर दिवसाच्या एकाच वेळेला घ्यायचे, आणि खोलीत साधा तापमापक टांगून प्रत्येक टेकच्या नावात तापमान लिहायचं. "मारवा_काळीदोन_बासरी_२९अंश_टेक३" असं नाव दिलं की महिन्याभराने जोडकाम करताना कोणता टेक कशाशी जुळेल ते उघडून न बघताही कळतं.